मदत हवी आहे: वॉटर ब्रश, ब्रश पेन आणि माझा गोंधळ

नमस्कार मंडळी, एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिल्यानंतर ब्रशला हात लावला नव्हता, आता वीसेक वर्षांनी परत किडा वळवळलाय. घरी पसारा मांडायला जागा नाही म्हणून सोबत नेता येईल असं सामान घेतलं, एक वॉटर ब्रश (दांड्यात पाणी भरायचं, दाबलं की टोकाला येतं तो), १२ ब्रश पेनांचा (ब्रशसारख्या टोकाची स्केचपेनं) सेट, आणि ट्यूबा पिळून भरलेले हाफ पॅन (जलरंगाच्या छोट्या वाट्या). पॅन आणि ब्रश चष्म्याच्या डबीत मावतात, मला त्याचंच कौतुक जास्त.

गेल्या रविवारी वाईजवळ मेणवलीला गेलो होतो. कृष्णेचा घाट, नाना फडणवीसांचा वाडा, देवळातली ती वसईहून आणलेली भलीमोठी घंटा, हात शिवशिवणारच ना. घंटा साध्या शाईपेनाने काढली, वरून ओला ब्रश फिरवला आणि सगळ्या रेघा फुटून निळा चिखल. तो गाढवपणा माझाच, कळलं. पण बाकीचं कळत नाहीये. आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग हात) द्यायला जातो तर मध्येच भसकन पाणी येतं आणि वाळल्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात, मग दाबायचं नक्की कधी? ब्रश पेनाची रेघ मारून लगेच पाणी लावतो तरी कडा जशीच्या तशी, व्हिडिओत मात्र कशी मस्त पसरते. कागद साध्या स्केचबुकचा आहे. घाटाच्या दगडाचा रंग १२ पेनांत कुठेच नाही, काळा वापरला तर डांबर ओतल्यासारखं दिसतं. आणि पॅनमधला रंग तडकला, एसटीत डबी उघडली तर तुकडे खुळखुळत होते.

अजून पैसे घालायचे तर आधी कशात घालू? बायको विचारतेय, हे पण माळ्यावरच जाणार का.

प्रतिसाद १
कागदात घाला, बाकी सगळं नंतर. ३०० जीएसएम (म्हणजे जाड) कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत), परवडला तर १००% कॉटन. मोठी शीट आणून पोस्टकार्डाएवढे तुकडे करा. ब्रश पेनात बहुतेक वेळा डाय (पाण्यात विरघळलेला रंग) असतो, साध्या कागदात तो लगेच मुरतो, मग कितीही पाणी लावा. प्लॅस्टिकच्या झाकणावर पेन गिरवा आणि तिथून ओल्या ब्रशने रंग उचला. अशी चित्रं उन्हात टांगू नका, रंग उडतो. दगडाला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळा, निळा वाढवला की सावलीतला दगड, सिएना वाढवला की उन्हातला.

प्रतिसाद २
वॉटर ब्रश कागदावर असताना दाबायचाच नाही हो! बाजूला चिंधीवर दाबायचा, टोक टिपायचं, मग लावायचा. जुन्या मोज्याचा वरचा भाग कापून डाव्या मनगटात घाला, चिंधी शोधत बसायला नको. मोठ्या वॉशला मात्र साधा चपटा ब्रशच बरा. पॅन एकदम काठोकाठ भरू नका, एक थर वाळला की दुसरा, आणि ग्लिसरीनचा एखादा थेंब. काहीजण मध घालतात, आमच्याकडे मुंग्या लागल्या.

धागाकर्ता
मोजा भारीच! श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणावर आत्ता करून बघितलं, त्याच स्केचबुकात कडा बऱ्यापैकी विरघळली. रेघांसाठी पिग्मा मायक्रॉन (बारीक टोकाचं ड्रॉइंग पेन) चालेल ना?

प्रतिसाद १
चालेल, पिग्मेंट शाई आहे, वाळली की पाण्याने फुटत नाही. फक्त रेघ नीट वाळू द्या, घाई नको.