मदत हवी आहे: टंबलर घुमतो, पण आतला भरडा फिरत नाही

नमस्कार मंडळी,

पितळी पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचं) साफ करायचा माझा व्हायब्रेटरी टंबलर, म्हणजे थरथरत्या भांड्यात भरड्याने घासणारं यंत्र, महिनाभरापासून रुसलाय. पूर्ण बंद पडला असता तर निदान उघडून तरी बघितला असता. बटण दाबलं की मोटर घुमते, भांडं थरथरतं, फक्त आवाज पूर्वीपेक्षा घोगरा येतो. झाकण काढून बघावं तर आतला भरडा जागच्या जागी. पूर्वी तो बाहेरच्या कडेने वर चढायचा, मधल्या खांबाकडे वळायचा आणि फिरत फिरत खाली जायचा. एखादी पुंगळी वर दिसली की दोन-तीन सेकंदांत खांबापाशी बुडी मारायची. आता तीच पुंगळी तासाभराने बघितली तरी मी ठेवली तिथेच असते. बाहेर काढली तर भरड्यात रुतलेली बाजू जराशी उजळलेली आणि वरची बाजू काजळीने तशीच काळी.

दुसरं म्हणजे साधारण 40 मिनिटं झाली की मोटर आपोआप थांबते. अर्धा तास गार होऊ दिली की पुन्हा चालू होते.

यंत्र तीन वर्षांचं आहे. सुरुवातीला अक्रोडाच्या टरफलांचा भरडा वापरायचे, आता मक्याच्या बुरकुंडांचा वापरते. तो आठ-नऊ महिने तोच आहे. दर वेळी झाकणभर पॉलिश घालते. पूर्वी एका वेळी 9 मिमीच्या तीनशे पुंगळ्या टाकायचे, हल्ली चारशेच्या वर जातात. स्प्रिंगा बघितल्या, सगळ्या शाबूत आहेत. मधल्या दांड्याचा नट घट्ट केला, काही फरक नाही.

मोटर गेली असं समजायचं का? आणखी एक विचारते. ओळखीतल्या एकाने भांडी घासायचं पितळेचं द्रव पॉलिश भरड्यात घाल, झटपट चमक येते, असं सांगितलंय. बाटली आणली आहे, पण वास फार उग्र आहे म्हणून अजून घातलं नाही. घालू का?

प्रतिसाद

ताई, मोटरचं नंतर बघू. आधी ती बाटली बाजूला ठेवा. उग्र वास म्हणजे बहुतेक अमोनिया, आणि अमोनिया पितळेला आतून तडकवतो.

पुंगळीच्या पितळेत साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. पत्रा ओढून ओढून ती घडवलेली असते, त्यामुळे तिच्या भिंतीत ताण उरलेला असतो. असा ताण आणि अमोनिया एकत्र आले की धातूच्या कणांच्या सीमांवरून बारीक भेगा जातात. वरून पुंगळी लखलखीत दिसते आणि गळ्याशी चीर गेलेली असते. इंग्रजांच्या फौजेला हे हिंदुस्थानातच कळलं. पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची, म्हणून या दोषाला 'सीझन क्रॅकिंग' असं नावच पडलं. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि दमट हवा यांचा तो परिणाम होता, हा उलगडा मात्र 1921 साली झाला. तुम्ही पुंगळी पुन्हा भरणार असाल तर चमकेसाठी एवढी जोखीम घेऊ नका. पुंगळ्यांसाठीचं, अमोनिया नसलेलं पॉलिश मिळतं, तेच वापरा.

प्रतिसाद

मोटर घुमतेय म्हणजे ती गेलेली नाही. थांबतेय ती तापल्यामुळे. आत तापमानाचा कटआउट असतो, तो तिला वाचवतोय. ती का तापते ते शोधायला हवं.

तुमच्या लिहिण्यात दोन संशयित दिसतात. एक म्हणजे भरडा. मूठभर घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर तो सुटा झाला तर ठीक, लाडवासारखा वळला गेला तर पॉलिश जास्त झालंय. असा चिकट भरडा थरथर गिळून टाकतो, फिरत नाही. वर पुंगळ्यांचं वजनही वाढवलंत. माझं माप असं: भांडं तीन चतुर्थांशाच्या वर भरायचं नाही, आणि जेवढ्या आकारमानाच्या पुंगळ्या त्याच्या दुप्पट भरडा.

दुसरा संशय वजनावर. मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेला लोखंडी तुकडा असतो. सगळी थरथर त्याच्यामुळे येते. तो ढिला झाला असेल तर मोटर नुसती घुमत राहील.

दोघांतला कोण, हे ओळखायला सोपं आहे. भांडं रिकामं करा, कोरडा ताजा भरडा अर्ध्यापर्यंत भरा, पुंगळ्या न टाकता पाच मिनिटं चालवा. छान फिरला तर दोष जुन्या भरड्याचा. तरीही सुस्तच राहिला तर यंत्र उलटं करावं लागेल.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. बाटली परत कपाटात गेली. तबेल्याची गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती.

मूठ वळून बघितली. अगदी लाडू झाला, बोटांचे ठसेसुद्धा उमटले. म्हटलं चला, सापडलं. नवा भरडा अर्ध्यापर्यंत भरून चालवला. पृष्ठभाग थोडा थरथरला, कडेचे कण जरा सरकले, पण वळणं-बुडणं काही नाही. आवाज तसाच घोगरा. म्हणजे दुसरा संशय खरा ना?

प्रतिसाद

खरा. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. भांडं उतरवून ठेवा, यंत्र आडवं करा, बैठकीखालची जाळी काढा. वजन दिसलं की दांडा एका हाताने धरून वजन दुसऱ्या हाताने हलवा. दांड्याबरोबर न वळता ते एकटं वळलं तर त्याचा ग्रब स्क्रू, म्हणजे वजन दांड्यावर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू, ढिला आहे. दांड्याला एका बाजूने सपाट केलेला भाग असेल, स्क्रूचं टोक बरोबर त्यावर टेकायला हवं. गोल भागावर आवळलात तर आठ दिवसांत पुन्हा सुटेल.

आवळण्याआधी आटे स्पिरिटने पुसून मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) एक थेंब लावा आणि रात्रभर सुकू द्या. प्लास्टिकच्या भागांना ते लागू देऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं.

धागाकर्ती

सापडलं! वजन बोटाने सहज गरकन फिरलं. स्क्रू पडला नव्हता, पण दीड आटा बाहेर आलेला. दांड्यावर वजनाच्या जागी घासून घासून चकचकीत कडं पडलंय, आणि तिथला धातू जरासा निळसर झालाय. घोगरा आवाज आणि तापणं दोन्ही तिथूनच येत असणार. दांडा फिरत होता आणि वजन त्याच्यावर घसरत होतं.

मोटरच्या पंख्याच्या पात्यांवरही भरड्याची करडी पेंड साचली होती. ती मऊ ब्रशने झाडली. यंत्र मी जाड रबरी मॅटवर ठेवायचे, म्हणजे खालच्या झरोक्यांतून हवा जातच नसणार. स्क्रू सपाट भागावर घेऊन आवळलाय. थ्रेडलॉकर सुकतंय. मॅट काढून फरशीवर ठेवणार आहे.

प्रतिसाद

ताई, एक काळजीचं बोलतो. झाकण काढून वाकून बघता, ब्रशने झाडता, असं लिहिलंत. ती करडी पेंड म्हणजे नुसता भुसा नाही. बहुतेक प्रायमरमध्ये, म्हणजे पुंगळीच्या तळाशी बसवलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीत, शिशाचं संयुग असतं आणि त्याचं उरलंसुरलं सगळं भरड्यात उतरतं. ते श्वासातून आणि हातातून पोटात जातं. टंबलर घराबाहेर किंवा उघड्या शेडमध्ये चालवा, झाकण लावून. चाळताना एन-95 मास्क आणि हातमोजे. घरात लहान मूल असेल तर त्याला चाळणीजवळ फिरकू देऊ नका, मदत म्हणूनसुद्धा नाही. सांडलेली धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. टिश्यू पेपरच्या चार पट्ट्या पुंगळ्यांबरोबर टाकल्या तर बरीचशी धूळ त्यांना चिकटते, दर खेपेला त्या बदला.

आणि पॉलिश घातल्यावर दहा-पंधरा मिनिटं नुसता भरडा फिरवा, पुंगळ्या मागाहून टाका. म्हणजे गोळे होऊन त्यांच्या तोंडात बसत नाहीत.

धागाकर्ती

भाऊ, बरं झालं लिहिलंत. भाचा सुट्टीत आला की तोच हौसेने चाळून द्यायचा. ते आजपासून बंद. यंत्रही मागच्या पडवीत हलवलं.

आज चालवला. तीनशे पुंगळ्या, नवा भरडा, अर्धं झाकण पॉलिश, चार पट्ट्या. झाकणावर हात ठेवल्याबरोबर कळलं, थरथर खोलवरून येत होती. तीन तास सलग चालला, मध्ये एकदाही थांबला नाही. प्लग काढून मोटरला हात लावला तर गरम होती, पण हात टिकला. मास्क लावून झाकण उघडलं. सगळ्यात वरची पुंगळी कुठे गेली ते शोधावं लागलं.

आता एकच उरलंय. प्रायमर आधी काढून मग टंबल केलेल्या वीसेक पुंगळ्या वेगळ्या ठेवल्यात. त्यांच्यातल्या सातांच्या तळाच्या छिद्रात कण अडकला होता, एकेक टाचणीने काढला. पुढच्या वेळी आधी टंबल करून मग प्रायमर काढणार आहे. की याहून बारीक भरडा घेतला तर प्रश्न सुटेल?

प्रतिसाद

दोन्ही चालतं. छिद्रातून सहज गळून जाईल इतका बारीक भरडा घ्या. तरी भरण्याआधी प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून छिद्र बघायची सवय सोडू नका.