सातबारा नाही, शेती करायची आहे: दोन एकर खंडाने घेताना कागद कसा करावा?

शेवंतीची_वाफ:
आम्ही तिघी आहोत. तिघींच्याही माहेरी-सासरी जमीन नाही, त्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला नाही. सातारा जिल्ह्यात २ एकर जमीन बघितली आहे. तीन वर्षं पड आहे. विहिरीत निम्मा हिस्सा, ५ एचपीचं वीज कनेक्शन मालकांच्या नावावर. मालकांना जमीन विकायची नाही, पण दलाल प्लॉटिंगसाठी सारखा मागे लागलाय. खंडाने (ठरलेल्या भाड्याने) द्यायला ते राजी आहेत. फक्त कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याला कायद्याने जमिनीवर हक्क मिळेल, या धास्तीने म्हणतात, तोंडी करा, वाट्याने करा, नाहीतर अकरा महिन्यांचा स्टॅम्प करा. आम्हाला शेवंती, झेंडू आणि अधूनमधून भाजी घ्यायची आहे. अकरा महिन्यांनी कूळ खरंच टळतं का? कर्ज, विमा कशावर मिळेल? आणि पुढे हीच जमीन विकत घेता येईल का?

फेरफार_नोंद:
ताई, अकरा महिन्यांचा आणि कुळाचा काही संबंध नाही. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा किंवा वार्षिक खंड ठरवलेला भाडेपट्टा नोंदवावा लागतो, ते टाळायला अकरा महिन्यांची पद्धत पडली. कूळ लागतं ते १९४८ च्या कुळकायद्याने. कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा, म्हणजे मालकाच्या घरचा नाही आणि मजुरीवरचाही नाही असा माणूस, कूळ मानला जातो. आणि कलम ३२ ओ म्हणतं की कृषकदिनानंतर, म्हणजे १ एप्रिल १९५७ नंतर सुरू झालेल्या कुळवहिवाटीत कुळाला वर्षाच्या आत जमीन विकत मागता येते, करारात उलट काहीही लिहिलेलं असलं तरी. त्यामुळे ‘कूळहक्क मागणार नाही’ अशी लिहून दिलेली ओळ मालकांच्या कामाची नाही.

वाट्याने दिली म्हणजे सुटलो, असं बरेच मालक समजतात. खरं तर तेच जास्त अडचणीचं आहे. मजूर लावून शेती केली तरी ती मालकाने ‘जातीने कसणं’ (स्वतः कसणं) धरली जाते, पण मजुरी रोख किंवा धान्यात हवी. पिकाचा हिस्सा दिला की ते जातीने कसणं राहत नाही.

शिवाय शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला मनाई करणारं याच कायद्यातलं कलम ६३ फक्त विक्रीपुरतं नाही. शेतकरी नसलेल्याला पट्ट्याने देण्यावरही ते बंधन घालतं.

वाट आहे ती कलम ४३ अ मध्ये. ऊस, फळं किंवा फुलं घेण्यासाठी, तसंच पशुपैदाशीसाठी दिलेल्या पट्ट्याला ३२ ते ३२ आर (कुळाने जमीन विकत घेण्याची) आणि ६३ ही कलमं लागू होत नाहीत. तुमची शेवंती-झेंडू यात सरळ बसते. मालकांची धास्ती मुदतीने जात नाही, पिकाने जाते. म्हणून पट्ट्याच्या पहिल्याच परिच्छेदात ‘केवळ फुलशेतीसाठी, कलम ४३ अ (१)(ब) अन्वये’ असा हेतू स्पष्ट लिहा. हा कायदा पश्चिम व उत्तर महाराष्ट्र आणि कोकणचा. विदर्भाला १९५८ चा आणि मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कुळकायदा आहे, तिथल्यांनी आपापलं कलम काढून बघावं.

शेवंतीची_वाफ:
मग मधल्या काळातली भाजी?

फेरफार_नोंद:
भाजी ४३ अ मध्ये नाही. फुलांच्या नावाने पट्टा आणि रानात टोमॅटो-घेवडा, असं झालं की सगळं संरक्षण सैल पडतं आणि पुरावा ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणाऱ्या सरकारी पीकनोंदीत) फोटोसकट तयार होतो. भाजीच हवी असेल तर १०-१५ गुंठे पट्ट्यातून वगळा, चतुःसीमा वेगळी लिहा, ते क्षेत्र मालकांनी जातीने कसावं आणि तुम्ही रोख मजुरीवर काम करावं. नाहीतर तेवढ्यात अंजीर, पेरू किंवा स्ट्रॉबेरी घ्या. फळ चालतं.

पाणीपाळी:
कागद करण्याआधी सातबारा नीट वाचा. नुसता आजचा नको, त्यावरच्या प्रत्येक फेरफाराचा (हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा) उतारा काढा.

भोगवटादार वर्ग २ (सरकारच्या अटींवर दिलेली, मोकळेपणी हस्तांतर न होणारी जमीन) असेल तर परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने पट्ट्याने घ्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ‘इतर हक्क’ या रकान्यात बऱ्याचदा ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ अशी एक ओळ दिसते. म्हणजे ती जमीन कधीकाळी कूळ म्हणून मिळालेली आहे. खरेदीला १० वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून मालकांना तो शेरा काढून घेता येतो. आकार ६ रुपये ५० पैसे असेल तर २६० रुपये. एवढ्यासाठी पुढे तंटा कशाला?

नावं मोजा. उताऱ्यावर भाऊ-बहिणी सामाईक असतील आणि वाटप झालेलं नसेल तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. बहीण मुंबईला असते म्हणून तिची सही राहिली, की दुसऱ्या वर्षी ऐन तोडणीत हरकत येते. विहिरीचा निम्मा हिस्सा नोंदीत आहे की तोंडी, ते पाहा. पाण्याची पाळी दिवस आणि तासांसकट पट्ट्यात लिहा. वीजबिलाची जुनी थकबाकी कोणाची, हेही. रस्ता दुसऱ्याच्या बांधावरून असेल तर एप्रिलमध्ये नाही, भर पावसात जाऊन बघा.

मुदत ५ वर्षं ठेवा आणि नूतनीकरणाचं कलम घालू नका. मुद्रांक शुल्क ५ वर्षांपर्यंत बाजारमूल्याच्या १०% रकमेवर आकारतात, ५ ते १० वर्षांना २५% वर, आणि नूतनीकरणाची मुभा लिहिली की ती वर्षंही मुदतीत धरतात. समजा रेडी रेकनरने (सरकारी दरपत्रकाने) जमीन १६ लाखांची निघाली आणि दर ५% आहे. ५ वर्षांना १,६०,००० वर ८,००० रुपये, १० वर्षांना ४,००,००० वर २०,००० रुपये. पाच वर्षांनी नवा पट्टा करा.

मालकांच्या बाजूचीही दोन कलमं घाला: माती-मुरूम उचलायचा नाही, आणि मुदत संपल्यावर रान नांगरून, ठिबक काढून ताबा द्यायचा. तुमच्या बाजूचं एक: मुदतीत जमीन विकली तरी हा पट्टा नव्या मालकावर बंधनकारक राहील. दलाल येतोय म्हणता, तर हे सोडूच नका.

बांधावरची_बाभूळ:
कर्जाचं. किसान क्रेडिट कार्ड खंडकरी आणि वाटेकऱ्यांनाही मिळू शकतं, पण शाखेत सातबाराशिवाय हलत नाहीत. तुम्ही तिघी आहात, चौथी जोडा: संयुक्त देयता गटाला (एकमेकांच्या कर्जाची हमी घेणाऱ्या गटाला) ४ ते १० सभासद लागतात आणि तो नाबार्डने मुळात खंडकऱ्यांसाठीच आणला आहे. १ जानेवारी २०२५ पासून शेतीकर्ज २ लाखांपर्यंत विनातारण आहे. पीकविम्याला नोंदणीकृत भाडेपट्टा चालतो, मात्र प्रधानमंत्री पीकविम्याच्या यादीत सोयाबीन, भात, कांदा अशी पिकं आहेत, फुलं नाहीत. तो धोका खंड ठरवतानाच धरा. पीएम-किसान खातेदारालाच मिळतं, त्याची आशा ठेवू नका.

विकत घेण्याचं अवघड आहे. शेतकरी नसलेल्याला शेतीसाठी परवानगी मागता येते, पण इतर उत्पन्न वर्षाला १२,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर ती देता येत नाही. तो आकडा आजही कायद्यात तसाच आहे आणि खऱ्या होतकरू माणसाला तोच अडवतो. शेतमजुराला मात्र कलम ६३ ची आडकाठी नाही, म्हणून वगळलेल्या गुंठ्यांतली मजुरी मालकांकडून रोखीने घेऊन हजेरीपत्रक ठेवलंत तर ते पुढे उपयोगी पडेल. कुणी ‘दाखला काढून देतो’ म्हणालं तर दारातूनच परत पाठवा. खोट्या दाखल्यावरची खरेदी कलम ८४ क खाली अवैध ठरली की जमीन सरकारजमा होऊ शकते.

तिघींपैकी कुणी अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध, भूमिहीन आणि दारिद्र्यरेषेखालील असेल तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेचा अर्ज करा. ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत मिळते, पूर्ण अनुदानावर. विधवा आणि परित्यक्तांना प्राधान्य आहे. अडतं ते जमिनीवर, कारण योजनेच्या दरात विकायला मालक पुढे येत नाहीत. विकायला तयार असलेला मालक स्वतः शोधून त्याच्या संमतीसकट अर्ज दिला तर काम पुढे सरकतं.

शेवंतीची_वाफ:
सगळ्यांचे आभार. १२ गुंठे वगळून बाकी फुलांसाठी, ५ वर्षं, असा मसुदा करतो. ई-पीक पाहणी कुणाच्या नावाने करायची?

फेरफार_नोंद:
मालकांच्या खात्यातून, पण पीक खरं तेच: शेवंती, झेंडू. तुमचा ताबा नमुना ७ ब मध्ये (मालकाखेरीज दुसरा कसत असल्याच्या नोंदीत) नोंदवायचा झाला तर तो निर्णय तहसीलदारांचा असतो, आणि सोबत नोंदणीकृत पट्ट्याची प्रत लावली की तो ताबा ४३ अ खालचा आहे हे तिथेच स्पष्ट होतं. मालकांना हे आधी दाखवा, सही नंतर घ्या.