नागपूरच्या उन्हात अंगणात टिकेल असं ऑर्किड कोणतं?

अंगण_त्रिमूर्तीनगर

घराच्या उत्तरेला साधारण १२ बाय ८ फूट मोकळी जागा आहे, कडेला जुना आंबा. माती अस्सल काळी, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात बोटभर भेगा. पाणी नळाचं आणि बोअरचं. ऑनलाइन 'हार्डी गार्डन ऑर्किड' म्हणून सायप्रिपेडियम आणि ब्लेटिलाचे कंद दिसतात. 'उणे २० अंशांतही टिकतं' असं लिहिलंय. इतकं चिवट असेल तर आपल्या ४५ अंशांतही राहील का? कुंड्यांचा पसारा नको, शक्यतो जमिनीत किंवा झाडावर लावायचं आहे. काय घ्यावं, कधी घ्यावं आणि घेताना काय पाहावं?

मुरूम_आणि_माती

तिथला 'हार्डी' हा शब्द फक्त थंडीपुरता आहे. सायप्रिपेडियम थंड प्रदेशातलं, त्याला हिवाळ्यात दोन-तीन महिने ५ अंशांखालची झोप लागते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे ८-१० अंश असले तरी दुपारी २८ होतात, त्यामुळे कंद धड झोपत नाही. पहिल्या वर्षी कंदातल्या साठ्यावर पान निघतं, एप्रिलात करपतं आणि पुढच्या वर्षी जागा रिकामी. त्यात पैसे घालू नका. ब्लेटिला त्यामानाने सोशिक, पण नवतप्यात (मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत) तिचीही पानं जळतात. हौस असेल तर एखादी कुंडीत ठेवा, वाफा तिच्या भरवशावर करू नका.

जमिनीत लावायचं तर स्पॅथोग्लॉटिस, नर्सरीत 'ग्राउंड ऑर्किड' म्हणून मिळतं तेच. पानं घडीदार, ताडाच्या रोपासारखी, फुलं जांभळी, पिवळी किंवा पांढरी. आपला उन्हाळा त्याला पेलतो, फक्त सावलीची जाळी आणि पाणी हवं.

खरी अडचण काळ्या मातीची आहे. ती पाणी धरून ठेवते, कंदाभोवती हवा राहत नाही आणि ऑगस्टपर्यंत बूड कुजतं. खड्डा करून त्यात चांगली माती भरणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण काळ्या मातीतला खड्डा म्हणजे हौदच. जमिनीच्या वर वाफा उचला. कडेने विटा लावा, खाली ८-१० सेंमी जाड मुरूम, त्यावर १५ सेंमी मिश्रण: दोन भाग जाड रेती, दोन भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग विटांचे बोराएवढे तुकडे, एक भाग गाळून घेतलेलं जुनं शेणखत. ताजं शेण नको. दोन रोपांत ३० सेंमी अंतर ठेवा. कंदाचा वरचा अर्धा भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे. पुरला की कोंब आतल्या आत सडतो.

वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी, मार्चच्या मध्यापासून ७५ टक्क्यांची. तुमची उत्तरेची जागा हिवाळ्यात घराच्या सावलीत जाईल. तेव्हा जाळी पूर्ण काढा, नाहीतर पानंच वाढतील आणि फुलांचा दांडा येणार नाही.

आंबा आहे म्हणता, तर त्यावर सीतेची वेणी (रिंकोस्टायलिस रेटुसा) आणि वांडा टेसेलाटा लावा. दोन्ही आपल्या देशातल्या उष्ण रानांत झाडांवर वाढणारी. ही बांडगुळं नव्हेत, आंब्यातून काही शोषत नाहीत, फक्त सालीला धरून राहतात. म्हणून साल न सोडणारं, खरबरीत झाड लागतं. आंबा, कडुनिंब चालतात. पेरू आणि निलगिरी साल टाकतात, तिथे मुळं टिकत नाहीत.

बांधायची वेळ म्हणजे जूनचे पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. खोडाची पूर्व किंवा उत्तर बाजू, ५-६ फूट उंची. नारळाच्या सोडणाची पातळ चकती खाली ठेवून सुती नाडीने घट्ट बांधा. रोप हललं तर मुळाचं कोवळं टोक सालीला घासून मोडतं. लोखंडी किंवा तांब्याची तार नको. बुडाशी शेवाळ कोंबू नका. आणि रोप जरा बाहेरच्या बाजूला कलतं बांधा, म्हणजे पावसाचं पाणी पानांच्या मधोमध साचणार नाही. पावसाळ्यात वेणी मरते ती बहुतेक वेळा याच साचलेल्या पाण्याने: गाभा मऊ होतो, वास सुटतो, मधलं पान ओढलं की हातात येतं.

गच्चीवरची_जाळी

वरचं सगळं बरोबर. उन्हाळ्याच्या पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नागपुरात ऑर्किड जाण्यामागे उन्हाएवढाच पाण्याचाही हात असतो.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालायची आपल्याकडे घरोघरी सवय. जास्वंद, कण्हेर ते खपवून घेतात, ऑर्किड नाही. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, वर दिवसभर भर पडत राहते. ताटीवर जो पांढरा थर चढतो, तोच मुळांवर चढतो. आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणीही तसंच. पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) २०० च्या आत असेल तर निर्धास्त घाला. बोअरचा ५००च्या वर असेल तर मुळांची टोकं काळी पडतात. मग नळाचं पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवून वापरा, किंवा पावसाचं साठवा.

किती घालायचं ते मुळंच सांगतात. कोरडं मूळ रुपेरी-पांढरं दिसतं, पाणी पडलं की काही सेकंदांत हिरवं होतं. हिरवं आहे तोवर थांबा, पांढरं झालं की घाला. मे महिन्यात झाडावरच्या रोपांना सकाळी ६ ला आणि पुन्हा सूर्य उतरल्यावर. दुपारी अजिबात नको. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी ३ वाजता हाताला चटका देतं, तेच कोवळ्या मुळाला बसतं. संध्याकाळीही पाइपातलं आधीचं गरम पाणी जमिनीवर सोडून द्या.

पश्चिमेकडून झळा येत असतील तर त्या बाजूला वाळ्याची जुनी ताटी किंवा गोणपाट टांगून ओलं ठेवा. नुसती हवा कोरडी असली तरी पानं सुरकुततात, मग मुळाशी कितीही पाणी ओता.

खत: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं), लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, जुलै ते ऑक्टोबर. आधी साधं पाणी, मग खत.

फुटाळा_काठ

खरेदीबद्दल.

बियांची पाकिटं घेऊ नका. ऑर्किडचं बी धुळीएवढं असतं आणि त्यात अन्नसाठा नसतो. ते प्रयोगशाळेत बाटलीत किंवा ठरावीक बुरशीच्या साथीनेच रुजतं. माकडाच्या तोंडाच्या चित्राचं पाकीट म्हणजे निव्वळ फसवणूक. गडद निळं फॅलेनॉप्सिसही ('मॉथ ऑर्किड') टाळा. दांड्यात रंग टोचलेला असतो, पुढचं फूल पांढरं येतं. शिवाय फॅलेनॉप्सिस आपल्या अंगणातलं झाडच नाही.

रोप कुरिअरने मागवायचं तर जुलै ते ऑक्टोबर. एप्रिल-मेमध्ये खोक्यात दोन दिवस राहिलं की उकडून निघतं.

हातात घेऊन पाहायचं ते असं: रोप हलकेच हलवा, बुडाशी डुगडुगलं तर मुळं नाहीत. मूळ चिमटीत दाबा, टणक हवं. पोकळ असेल आणि साल निघून आत दोरा उरला तर मेलेलं. पानाच्या मागे मधल्या शिरेजवळ खवले कीड, बेचक्यात पिठ्या ढेकूण पाहा. स्पॅथोग्लॉटिसला किमान तीन कंद आणि एक नवा कोंब हवा. एकाच कंदाचं रोप वर्षभर नुसतं सावरत बसतं.

रानातून ओरबाडलेली रोपं घेऊ नका, स्वस्त मिळाली तरी. मुळांना सालीचे तुकडे चिकटलेले, पानं फाटलेली, प्रत्येक रोप वेगळ्या आकाराचं, अशी ती ओळखू येतात. बाटलीतून वाढवलेली सगळी सारखी आणि जाळीच्या छोट्या कुंडीत असतात. निळा वांडा आणि पॅफिओपेडिलमच्या (चपलेसारख्या फुलाच्या ऑर्किडच्या) जाती तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. परदेशी कंदांनाही साइटीसचा (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. विकणाऱ्याकडे तो नसेल तर विषय तिथेच संपला.

अंगण_त्रिमूर्तीनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. सायप्रिपेडियम रद्द. दोन शंका: जाळीच्या कुंडीतली वेणी आंब्यावर बांधताना कुंडी काढायची का? आणि पावसाळ्यात स्पॅथोग्लॉटिसच्या पानांवर काळे ठिपके येतात म्हणतात, त्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड घरात आहे, चालेल?

मुरूम_आणि_माती

कुंडी काढू नका. मुळं जाळीतून विणलेली असतात, सोडवताना निम्मी तुटतात. कुंडीसकट बांधा, आतला कोळसाही राहू द्या. नवी मुळं बाहेर येऊन साल धरतील. नाडी किमान पहिला पावसाळा संपेपर्यंत ठेवा. मग रोप हलवून पाहा आणि जागचं हललं नाही तरच कापा.

ठिपक्यांवर मॅन्कोझेब, लिटरला २ ग्रॅम, पाऊस उघडल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंना. ठिपका पडलेलं पान आधी कापा आणि कात्री प्रत्येक रोपानंतर ज्योतीवर धरा. तांब्याचं औषध ऑर्किडवर नको. उद्या डेंड्रोबियम (आणखी एक ऑर्किड) आणलंत तर त्याला ते अजिबात सोसत नाही, फवारणीनंतर पानं पिवळी पडून गळतात. आंब्यावर दुसऱ्या कशासाठी ते मारणार असाल, तर त्या दिवशी वेणीवर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि फवारा वाळला की लगेच काढा.