मदत हवी आहे : डायलिसिस चालू असलेल्या वडिलांना गाडीने समुद्रावर न्यायचे आहे

दांडियाबाजार
दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही पाचजण बडोद्याहून गाडीने दीवला जाणार आहोत. वडिलांचे डायलिसिस चालू आहे. दीवमध्ये किंवा जवळपास त्याची सोय कुठे होईल, एवढेच मला हवे आहे. हॉटेलचे पैसे येत्या रविवारपर्यंत भरायचे असल्यामुळे कृपया लवकर कळवावे. "जाऊच नका" हा सल्ला घरात पुरेसा ऐकून झाला आहे. तेरा महिन्यांत वडिलांनी घर आणि डायलिसिस सेंटर यांपलीकडे काही पाहिलेले नाही, आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला पहिला समुद्र आजोबांबरोबरच पाहायचा आहे.

कारेलीबागकर
डायलिसिस रक्ताचे, म्हणजे मशीनवरचे आहे, की पोटाचे, म्हणजे पोटात द्रव भरून घरी करायचे? आठवड्यातले वार कोणते? हाताला फिस्टुला (सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) आहे की मानेत कॅथेटर (नळी)? कॅथेटर असेल तर ती जागा अजिबात भिजू देता येत नाही, म्हणजे समुद्रात उतरण्याचा प्रश्नच मिटतो. एवढे कळल्याशिवाय कुणीही काही सांगितले तरी ते अंदाजपंचेच असेल.

दांडियाबाजार
रक्ताचेच. ते गृहीत धरले जाईल असे मला वाटले होते. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळी सात वाजता, चार तास. डाव्या दंडात फिस्टुला आहे. दीवला सोय झाली नाही तर शनिवारचे डायलिसिस आटोपून दुपारी निघायचे आणि मंगळवारी पहाटेपर्यंत परतायचे, असाही एक विचार आहे. मधले दोन दिवस तसेही मोकळेच असतात.

नर्मदातीर
माझ्या यजमानांचे डायलिसिस सात वर्षे चालू आहे, म्हणून कळकळीने लिहिते. ते दोन दिवस मोकळे दिसतात, पण सबंध आठवड्यात सर्वांत जपण्याचे तेच असतात, कारण अंगात पाणी आणि पोटॅशियम साठायला तेव्हाच सर्वाधिक वेळ मिळतो आणि पोटॅशियम फार चढले तर थेट हृदयाचे ठोके बिघडतात. नेमक्या त्याच दिवसांत जाऊन-येऊन सुमारे आठशे किलोमीटरचा प्रवास, बाहेरचे खाणे आणि समुद्राची तहान एकत्र आणू नका.

त्याऐवजी बलसाडजवळच्या तिथलच्या समुद्रकिनाऱ्याचा विचार करा. बलसाड बडोद्याहून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आहे आणि तिथून तिथल पाच-सहा किलोमीटरवर. शुक्रवारी सकाळी निघा, शनिवारचे डायलिसिस बलसाडला करून घ्या, दुपारी वडिलांना झोपू द्या, रविवारी सकाळी समुद्रावर जा आणि जेवून परत फिरा. म्हणजे डायलिसिस नसलेल्या त्या दोन दिवसांपैकी सोमवार घरी जाईल. सेंटरशी मात्र आजच बोला. आम्ही एकदा आयत्या वेळी एका सेंटरवर गेलो, तेव्हा कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीचे ताजे अहवाल बरोबर नव्हते म्हणून त्यांनी मशीन दिले नाही, आणि त्यांचे काही चुकलेही नव्हते. ते तीन अहवाल, आपल्या डॉक्टरांचे पत्र, ड्राय वेट (अंगात जास्तीचे पाणी नसतानाचे वजन), हेपॅरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) डोस आणि मागच्या दोन-तीन वेळांच्या नोंदी आधी पाठवून होकार घ्या, मगच हॉटेलचे पैसे भरा.

नागवा
तिथलची वाळू काळपट आणि पाणी गढूळ आहे. ओहोटीला समुद्र इतका आत जातो की मुलीला लाटांऐवजी चिखलच दिसेल. पहिला समुद्र दाखवायचा तर दीवचाच दाखवावा. किल्ल्याच्या तटावरून दिसणारे ते निळे पाणी मी आजवर विसरलेलो नाही.

नर्मदातीर
दीव सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सहलीची जागा मशीनच्या अंतरावरून ठरवावी लागते, हे ज्यांच्या घरात आजार नाही त्यांना पटायला वेळ लागतो. राहिला ओहोटीचा प्रश्न, तर भरतीची वेळ पाहून जावे. ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून शुक्रवारची वेळ रविवारी धरून चालू नये.

सुरसागर६२
मी स्वतः पोटाचे डायलिसिस करतो. द्रवाच्या पिशव्या गाडीत ठेवून मी द्वारकेला आणि गणपतीपुळ्याला जाऊन आलो आहे. खोली स्वच्छ हवी, पंखा बंद हवा, हात नीट धुतलेले हवेत, एवढेच पथ्य. वडिलांना पोटाच्या डायलिसिसवर आणा, सेंटर शोधण्याचा त्रासच संपेल.

कारेलीबागकर
आपला अनुभव मोलाचा आहे, परंतु पोटात नळी बसवायची, ती जागा भरून येण्यासाठी साधारण दोन आठवडे थांबायचे आणि मग घरच्यांनी शिकायचे, हे एका सहलीसाठी करण्याचे काम नाही. तो निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा आहे.

सुरसागर६२
एका सहलीसाठी नव्हे, पुढच्या सर्व सहलींसाठी म्हणालो. मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या यादीत वडिलांचे नाव आहे का, हेही कळवावे.

दांडियाबाजार
त्याबद्दल घरात बोलणे चालू आहे, पण आत्ता प्रश्न सहलीचा आहे. आज बलसाडच्या एका सेंटरला फोन केला. अहवाल पाहून उद्या सांगतो म्हणाले. वाटेत खाण्याचे काय करावे?

मांजलपूरची आहारतज्ज्ञ
घरून न्यावे. फोडणीचा भात, पोळ्या आणि दोनदा पाणी बदलून उकडलेली दुधीची भाजी चालेल. आपल्या बडोद्याचा लिलो चिवडा बटाट्याचा, म्हणजे पोटॅशियम आलेच. भरुचची खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, गाडीत सर्वांच्या हातात असते, तेव्हा आजोबांनाच नको म्हणणे कठीण जाते. कुणीच घेऊ नये हे बरे. समुद्रावर सर्वांत मोठा धोका शहाळ्याचा आहे. ते औषधी म्हणून प्रेमाने पुढे केले जाते, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि ते पाण्याच्या हिशेबातही धरावे लागते. तहान लागली तर चूळ भरावी, लिंबाची फोड चोखावी. बर्फाचा खडा दिलात तर तोही पाणी म्हणून मोजावा.

नर्मदातीर
एक गोष्ट राहिली. पुढे चालकाशेजारी बसल्यास सीटबेल्ट डाव्या खांद्यावरून येतो आणि तुमच्या वडिलांचा फिस्टुला डाव्याच दंडात आहे, त्यावर दाब पडायला नको. त्यांना चालकाच्या मागे बसवा. तिथे पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. नातीला आजोबांचा उजवाच हात धरायला सांगा. शनिवारी सुया टोचलेल्या जागी रविवारी खारे पाणी लागू देऊ नका, पाय घोट्यापर्यंत भिजले तरी पुरे.

दांडियाबाजार
बलसाडहून होकार आला. शनिवारी सकाळी साडेसातची वेळ मिळाली. दीवचे हॉटेल सोडून दिले. वडिलांना पुढे बसायला आवडते, त्यामुळे मागे बसण्यावरून थोडी कुरबुर झाली. पण नात शेजारी बसणार म्हटल्यावर मिटली. घरी ते स्टीलच्या एका फुलपात्राने पाणी मोजून पितात. आतल्या बाजूला शंभर मिलिलिटरला आईने खिळ्याने ओरखडा काढलेला आहे. आज सकाळी ते फुलपात्र त्यांनी स्वतः रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवले. अजून अकरा दिवस आहेत, तोवर वापरायला दुसरे शोधत आहोत.