मदत हवी आहे : मुलाला मित्र मिळतील आणि धीर येईल असा उपक्रम सुचवा

सांजवेळ
नमस्कार. मुलाला मित्र नाहीत आणि चारचौघांत तो तोंड उघडत नाही. सुटी सुरू होण्यापूर्वी त्याचे नाव कुठेतरी नोंदवायचे आहे. पोहणे आणि चित्रकला करून झाली, त्यांचा काहीही उपयोग झाला नाही, तेव्हा कृपया ती पुन्हा सुचवू नये. वक्तृत्वाचा वर्ग लावावा की व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला पाठवावे, एवढेच सांगितले तरी पुरे आहे.

मैदानप्रेमी
दोन्ही नकोत. त्याला सांघिक खेळाला घाला. चेंडू मागण्यासाठी हाक मारावीच लागते, हरल्यावर सगळे एकत्र हिरमुसतात, आणि वर्षभर तेच चेहरे रोज समोर येतात. माझ्या दोन्ही मुलांच्या मैत्र्या मैदानावरच जमल्या.

अनुस्वार
मुलाचे वय आपण लिहिलेले नाही. त्याला पूर्वी मित्र होते का, घरी तो मोकळेपणाने बोलतो का, आणि मित्र हवेत असे त्याला स्वतःला वाटते का, हे कळल्याशिवाय सल्ला देणे कठीण आहे. एकटे राहणे आवडणारा मुलगा आणि एकटा पडलेला मुलगा बाहेरून सारखेच दिसतात, पण दोघांची गरज वेगळी असते.

रंगपीठ
मैदानप्रेमी, जो खेळात मागे आहे त्याला संघनिवडीत शेवटी घेतात आणि राखीव खेळाडूंत बसवतात. लाजऱ्या मुलाच्या वाट्याला आणखी एक अपमान कशासाठी? नाटकाच्या गटात पाठवावे. तिथे प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा अशी कितीतरी कामे असतात, ती केल्याशिवाय प्रयोग उभा राहत नाही, आणि मंचावर जाण्याची सक्तीही नसते.

मैदानप्रेमी
हा दोष खेळाचा नसून प्रशिक्षकाचा आहे. चांगला प्रशिक्षक सर्वांना आलटून पालटून खेळवतो. आणि नाटकात मुख्य भूमिकांसाठी चढाओढ नसते, असे आपल्याला खरोखर म्हणायचे आहे का?

सांजवेळ
मी दोन पर्याय विचारले होते, त्यांतला एकही कोणी विचारात घेतलेला दिसत नाही. असो. वय चौदा. घर बदलल्यामुळे गेल्या वर्षी शाळा बदलली. जुन्या शाळेत मित्र होते, त्यांतल्या एकाशी तो अजूनही रोज फोनवर बुद्धिबळ खेळतो. घरी भरपूर बोलतो. याचा उपक्रमाशी काय संबंध आहे, हे मला समजले नाही.

पायवाट
संबंध फार जवळचा आहे. ज्याला पूर्वी मित्र होते आणि घरी जो भरपूर बोलतो, त्याला मैत्री करता येते. त्याला नव्या ठिकाणी तशी संधी मिळालेली नाही, एवढेच. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर होण्यास सुमारे 50 तास आणि घनिष्ठ मैत्रीसाठी 200 हून अधिक तासांचा सहवास लागतो, असा अंदाज मांडला आहे. अभ्यासातली माणसे प्रौढ आणि महाविद्यालयीन वयाची होती, त्यामुळे हे आकडे चौदा वर्षांच्या मुलाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण पोहणे आणि चित्रकला का उपयोगी पडली नाही, याचा उलगडा त्यातून होतो. तिथे मुले एकाच जागी असली तरी प्रत्येक जण आपापल्या पट्ट्यात किंवा आपापल्या कागदावर असतो, आणि तास संपला की घरी जातो. दोन दिवसांच्या शिबिरातही सहवास संपूनच जाईल. तोच छोटा गट, दर आठवड्याला आणि निदान काही महिने, हे पाहून मग उपक्रम निवडावा.

चिंतनिका
मूळ दुखणे फोनचे आहे. तो आधी काढून घ्यावा, म्हणजे मुलगा आपोआप बाहेर पडेल. आमच्या लहानपणी अशा अडचणी नव्हत्या.

अनुस्वार
चिंतनिका, फोनविषयी कोणी विचारलेले नाही, आणि या मुलाची सध्या असलेली एकुलती एक मैत्री त्या फोनवरच टिकून आहे. ती तोडली तर नवी जुळेलच याची काय शाश्वती?

सांजवेळ, आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. वक्तृत्व वाईट नाही, परंतु ते आत्ता नको. आपल्याकडे सगळे टक लावून पाहत आहेत, ही किशोरवयातली भावना फार तीव्र असते. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये तिला ‘काल्पनिक प्रेक्षक’ असे म्हटले. अनोळखी मुलांसमोर एकट्याने उभे राहून भाषण करणे ही त्या भावनेची सर्वांत कठीण परीक्षा आहे. आधी दोन-चार ओळखी होऊ द्याव्यात. मात्र तो शाळेत जाण्याचेच टाळत असेल, जाण्याच्या वेळी पोट दुखत असेल किंवा झोप उडाली असेल, तर उपक्रम शोधत बसण्याआधी समुपदेशकाला भेटावे. तीव्र सामाजिक भीती बहुतेकदा याच वयात सुरू होते आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत.

रंगपीठ
पायवाट यांच्या म्हणण्यात मला एक भर घालायची आहे. नुसते एकत्र असणे पुरेसे नाही, एकमेकांवाचून काम अडले पाहिजे. एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये अमेरिकेतल्या शाळांत ‘जिगसॉ’ नावाची पद्धत सुरू केली. तीत प्रत्येक विद्यार्थ्याकडे धड्याचा एकच भाग असतो, त्यामुळे गटाला प्रत्येकाचे ऐकून घ्यावेच लागते. ज्या मुलाकडे एरवी कोणी वळून पाहत नाही, त्याच्याकडे मग कामासाठी का होईना, यावे लागते. नाटकात हेच घडते, आणि वाद्यवृंदात, यंत्रमानव बनवणाऱ्या गटात किंवा गिर्यारोहणातही घडते.

मैदानप्रेमी
आणि संघातही घडते. हा निकष मला मान्य आहे. पण नाव नोंदवण्यापूर्वी त्या मुलाला कोणी विचारले आहे का?

सांजवेळ
शाळेत जाण्याची किंवा पोटदुखीची तक्रार नाही. आज त्याला विचारले. खेळ नको म्हणाला, पण नाटकात दिव्यांचे काम शिकायला मिळणार असेल तर जाईन, असे म्हणाला. तसा एक गट मिळाला आहे, तो दर आठवड्याला भेटतो. परंतु पहिल्या दिवशी सगळे आपापसांत बोलत असतील आणि मी एकटा उभा राहीन, याचीच त्याला धास्ती वाटते. मी सोबत बसू का?

पायवाट
बसू नये, त्याने तो अधिक अवघडेल. गट चालवणाऱ्यांशी आदल्या दिवशी बोलून ठेवा आणि गेल्या गेल्या त्याच्या हाती एखादे काम द्यायला सांगा, उदाहरणार्थ तारा गुंडाळणे किंवा दिव्यांवर रंगीत कागद लावणे, तेही दुसऱ्या एका मुलासोबत. थोडे लवकर पोहोचवा, म्हणजे जमलेल्या घोळक्यात शिरावे न लागता तो एकेकाला येताना भेटेल. पहिल्या दिवशी कोणाशी बोललास, असे घरी आल्यावर विचारू नका. काय काम केलेस, ते विचारा. आणि त्याला न्यायला थोडे उशिरा जा, कारण तालीम संपल्यावर सामान आवरताना जे बोलणे होते, तेच त्याला तालमीत मिळणार नाही.