वजाबाकीची चाचणी झाली, गुण दिले, पुढे काय?

पाटीपेन्सिल
चौथीचा वर्ग, पट 38. हातच्याच्या वजाबाकीवर 10 गुणांची चाचणी घेतली, तर निम्मी मुलं 5च्या खाली. तोच पाठ पुन्हा घेऊनही तीच मुलं तिथेच अडकतात. आकारिक नोंदी, म्हणजे शिकवतानाच्या रोजच्या मूल्यमापनाच्या नोंदी, सत्र संपताना घाईत भरल्या जातात आणि सगळ्या सारख्या होतात. तोंडी काम, प्रात्यक्षिक, चाचणी यांतलं काय, कधी वापरावं?

खडूफळा
गुण नको, उत्तरं बघा. तासाची शेवटची सात मिनिटं राखून चतकोर कागदावर एकच उदाहरण द्या: 403 − 127. याला गुण नाहीत हे आधीच सांगा, नाहीतर शेजारच्या कागदात डोकावणं सुरू होतं आणि हाती काहीच लागत नाही.

मग उत्तरांप्रमाणे गठ्ठे लावा. 276 बरोबर. 324 लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतंय; 3 मधून 7 जात नाहीत, म्हणून 7 मधून 3. 286 आलं तर शतक सुटा केलाय, पण एक दशक एककाकडे गेल्यावर दशकात 9 उरतात हे निसटलंय. 226 मध्ये शतकातून थेट एककाला 10 दिले, मधले 90 हरवले, आणि दशकात 0 मधून 2 जाईनात म्हणून 2 तसेच खाली उतरवले.

ही तीन वेगळी दुखणी आहेत, एकाच पाठाने जाणार नाहीत. 286 वाल्यांसाठी प्रात्यक्षिक हवं: शंभर काड्यांचा गठ्ठा सोडून दहा जुड्या, त्यातली एक सुटी करायची, उरलेल्या जुड्या मुलानेच मोजायच्या. बोटाखाली नऊ जुड्या आल्या की वहीतला 9 कुठून येतो ते कळतं. 324 वाल्यांना आधी 43 − 27 वर आणा. तीन दिवसांनी 502 − 268 द्या. 366 आलं तर जुनी चूक अजून तिथेच आहे.

चिंचोके
शाब्दिक उदाहरण चुकलं तर ते तोंडी घ्याच. प्रश्न तुम्ही वाचून दाखवा. ऐकून सोडवलं तर अडचण वाचनाची. ‘सीमाकडे 45 चिंचोके, राजूकडे 28. सीमाकडे किती जास्त?’ याचं उत्तर 73 आलं, तर ‘जास्त’ ऐकून बेरीज केलीय.

नोंदींचं म्हणाल, तर 2010च्या शासन निर्णयात तिसरी-चौथीला आकारिकचा भारांश 60 टक्के आहे, संकलितचा, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचा, 40. एवढं वजन असलेली नोंद सत्राअखेर आठवून लिहिणं मुलावर अन्याय आहे. रोज पाचच मुलांची लिहा, आठ दिवसांत पट पूर्ण होतो. ‘गणितात प्रगती चांगली’ असं नको. ‘दशकस्थानी शून्य असल्यास शतक सुटा करताना चुकते’ असं लिहा.

पाटीपेन्सिल
आभार. सहाध्यायी मूल्यमापन करून बघावं का? जोडीदाराची वही दिली की सगळ्यावर बरोबरची खूण येते.

खडूफळा
मैत्री आड येते. कुणाचीच नसलेली वजाबाकी फळ्यावर चुकवून लिहा आणि जोडीला एवढंच विचारा: पहिली चूक कोणत्या घरात?