स्टर्न ड्राइव्ह : न्यूट्रलला येताना गिअर अडतो

प्रश्न : माझ्या बोटीला स्टर्न ड्राइव्ह आहे (इंजिन आत, प्रोपेलरचा ड्राइव्ह मागे बाहेर). बोट पुढच्या गिअरमध्ये सहज जाते, परंतु न्यूट्रलला आणताना लिव्हर जड होतो आणि कधीकधी इंजिनच बंद पडते. तपासणी कोठून सुरू करावी?

उत्तर : चावी काढून ठेवावी, शिफ्ट प्लेटवरील (जिथे लिव्हरची आणि ड्राइव्हची केबल जोडलेली असते ती पट्टी) दोन्ही केबल सोडवाव्यात आणि एकेक हाताने सरकवून पाहावी. लिव्हरकडची हलकी आणि ड्राइव्हकडची खरखरीत लागली, तर दोष बहुधा खालच्या, म्हणजे ड्राइव्हकडच्या, केबलमध्ये असतो, कारण तिचे आवरण फाटले की पाणी शिरून आतली तार गंजते. ही केबल सरकवून पाहताना दुसऱ्याने प्रोपेलर फिरवत राहावे. ड्राइव्हमधल्या गिअरचे दात जुळले नाहीत तरी केबल अडते.

दुसरे उत्तर : सहमत. डॉग क्लच (दात एकमेकांत अडकवून गिअर जोडणारा क्लच) असलेल्या अनेक ड्राइव्हमध्ये गिअर सुटताना एक स्विच क्षणभर इग्निशन तोडतो. केबल जड असल्यास तो दाबलेलाच राहतो आणि इंजिन बंद पडते. स्विच काढण्याचा सल्ला मात्र ऐकू नये.

प्रश्नकर्ता : खालचीच केबल खरखरते आहे, बदलतो.